ठाणे खाडीची खारी दलदल कशी पाहावी : नवख्यांसाठी मार्गदर्शन

मुंबई आणि नवी मुंबई यांच्या मधून सुमारे २६ किलोमीटर लांबीची ठाणे खाडी गेली आहे. तिच्या पुलांवरून रोज लाखो लोक ये-जा करतात आणि त्यांतल्या बहुतेकांना खिडकीतून चिखल आणि झुडपे यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. डोंगर केव्हाही गेले तरी जागच्या जागी असतो. खाडीकाठची दलदल मात्र दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा उघडी पडते, त्यामुळे वेळ चुकली की माणसाला नुसते पाणी दिसते किंवा नुसता चिखल. मी स्वतः पहिल्या खेपेला ऐन ओहोटीच्या वेळी, सकाळच्या उन्हाकडे तोंड करून शिवडीला उभा राहिलो होतो आणि दूरवर चकाकणाऱ्या चिखलावरचे काळे ठिपके दीड तास न्याहाळून, त्यांतला एकही पक्षी न ओळखता घरी परतलो होतो. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः ही चूक इतरांकडून होऊ नये म्हणून लिहिले आहे. उदाहरणे ठाणे खाडीची असली तरी डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कोणत्याही खाडीला यातला बराचसा भाग लागू पडेल.

आरंभीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. या प्रदेशात दोन-तीन फुटांचा चढउतार हा डोंगरातल्या दोन-तीन हजार फुटांइतका महत्त्वाचा असतो. एखादी जागा शेजारच्या जागेपेक्षा वीतभर उंच असेल तर तिच्यावर महिन्यातून किती वेळा पाणी येते हे बदलते, त्यामुळे मातीतले मीठ बदलते, त्यामुळे झाड बदलते आणि झाडाबरोबर किडा, खेकडा आणि पक्षीही बदलतो. म्हणून येथे शिकण्याची सुरुवात पक्ष्यांच्या नावांपासून न करता पाण्याच्या वेळापत्रकापासून करावी.

पहिली पायरी : भरती-ओहोटीची वेळ काढणे

भरती दर १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे आज ज्या वेळी आली त्याच्यापेक्षा उद्या सुमारे ५० मिनिटे उशिरा येईल. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, खरे म्हणजे त्यांच्यानंतर एक-दोन दिवसांनी, पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ आणि उतार दोन्ही कमी असतात. त्याला भांग म्हणतात. मुंबईच्या भरतीचे अंदाज अपोलो बंदरासाठी दिलेले असतात, ते मोबाइलवर सहज पाहता येतात, आणि उधाणाच्या दिवशी तेथे साडेचार मीटरपेक्षा अधिक उंचीचा आकडा दिसतो. खाडीच्या आतल्या टोकाला, म्हणजे ऐरोली-ठाण्याकडे, तेच पाणी थोडे उशिरा पोहोचते.

मोबाइल नसेल तरी काम अडत नाही. कोकण किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला हिशेब असा आहे की तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही, शुक्ल पक्षातही आणि वद्य पक्षातही. हा हिशेब ढोबळ आहे, त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा आणि कधी त्याहून अधिक फरक पडतो, पण कॅलेंडरवरची तिथी पाहून रविवारी जावे की नको एवढे ठरवायला तो पुरतो.

या हिशेबातून मुंबईच्या बाबतीत एक फार उपयोगी गोष्ट निघते. येथे उधाणाची भरती नेहमीच दुपारी बाराच्या आसपास आणि मध्यरात्रीच्या आसपास येते, तर भांगाची भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलाच्या पार टोकाला, पाण्याच्या कडेने पांगलेले असतात. पूर्ण भरतीला चिखलच शिल्लक राहत नाही, म्हणून ते तेथून निघून जातात. पाणी चढत असताना चिखलाचा पट्टा अरुंद होत जातो आणि पक्षी पावलापावलाने काठाकडे सरकत येतात. म्हणून भरतीपूर्वीचे तीन ते दीड तास किंवा भरतीनंतर चिखल पुन्हा उघडा पडू लागतो तो काळ गाठावा. पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला किंवा द्वितीयेला सकाळी दहा ते साडेअकरा आणि दुपारी तीन ते साडेचार या वेळा जवळजवळ हमखास उपयोगी पडतात. भांगाच्या दिवसांत भर दुपारी ओहोटी असते, ऊनही असते आणि पक्षीही लांब असतात; नवख्याने पहिल्या एक-दोन खेपांना ते दिवस टाळलेले बरे.

दुसरी पायरी : जागा आणि उजेड

ठाणे खाडीच्या पश्चिम काठाला शिवडी, कांजूरमार्ग, भांडुप हे भाग येतात आणि पूर्व काठाला ऐरोली, वाशी, नेरूळ. पश्चिम काठावर उभे राहिले की तोंड पूर्वेकडे होते, म्हणजे सकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि दुपारनंतर तो पाठीशी असतो. पूर्व काठावर नेमके उलट होते. इतकी साधी गोष्ट कोणी सांगत नाही आणि माझ्यासारखे लोक दीड तास ठिपके पाहत बसतात. तेव्हा सकाळची वेळ असेल तर ऐरोली आणि दुपारची असेल तर शिवडी, असे सोपे सूत्र धरावे.

अगदी पहिल्या खेपेला ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जावे असे माझे मत आहे. ते राज्याच्या कांदळवन विभागाचे केंद्र आहे, तेथे कांदळवनातून, म्हणजे खारफुटीच्या झाडीतून, जाणारा लाकडी मार्ग आहे, आणि रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या हंगामात भरतीच्या वेळेनुसार होडीतून फेरी मिळते. फेरीची वेळ रोज बदलत असल्यामुळे आधी चौकशी करून नाव नोंदवावे. ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या दरम्यानचा पश्चिमेकडील पट्टा २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्रफळ १६.९०५ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात निम्म्याहून थोडा अधिक भाग कांदळवनाचा आहे. २०२२ साली या खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. अभयारण्याच्या हद्दीत मनास येईल तसे उतरता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

शिवडीचा धक्का ही पक्षी पाहण्याची जुनी जागा आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू तेथूनच खाडीत शिरतो, त्यामुळे पूर्वीची मोकळी क्षितिजरेषा आता राहिलेली नाही. तरीही तेथील चिखलाचा पट्टा पाहण्यासारखा आहे.

तिसरी पायरी : बरोबर काय घ्यावे

आठ पट मोठे दाखवणारी आणि ४० किंवा ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण पुरते. त्याहून जास्त पटीची दुर्बीण हातात थरथरते आणि नवख्याला पक्षी सापडतच नाही. टोपी, भरपूर पाणी, पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा सदरा, डासांसाठी मलम, वही आणि पेन्सिल एवढे घ्यावे. चप्पल घालून जाऊ नये. चिखलात उतरायचा विचारही करू नये, कारण वरून घट्ट दिसणारा खाडीचा गाळ पाऊल टाकताच मांडीपर्यंत ओढतो आणि पाणी चढत असेल तर ती चेष्टेची गोष्ट राहत नाही. कोळी माणसे त्यावर सहज चालताना दिसतात, पण त्यांना कुठला गाळ कसा आहे हे लहानपणापासून ठाऊक असते.

चौथी पायरी : बांधापासून पाण्यापर्यंतचे पट्टे ओळखणे

आता प्रत्यक्ष दलदलीकडे वळू. काठावरच्या बांधावर उभे राहून दुर्बीण बाजूला ठेवावी आणि आपल्या पायापासून पाण्याच्या दिशेने, सावकाश, पट्ट्यापट्ट्याने पाहत जावे.

सर्वांत अलीकडे, बांधाला लागून, जी उघडी आणि सपाट जमीन दिसते ती खऱ्या अर्थाने खारी दलदल. हिच्यावर रोज पाणी येत नाही. फक्त उधाणाचे पाणी येते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. उधाणाचे पाणी येथे येऊन थांबते, उन्हाने आटते आणि मीठ मागे ठेवून जाते; पुढच्या उधाणाला पुन्हा तेच होते. त्यामुळे फेब्रुवारी ते मे या काळात ही माती समुद्रापेक्षाही खारट होते आणि तिच्यावर पांढरा थर चढतो. नवख्याला ती पडीक जमीन वाटते. जवळ जाऊन पाहिले तर तिच्यावर घोट्याएवढ्या उंचीच्या, जाड आणि रसदार पानांच्या वनस्पती पसरलेल्या आढळतात. त्यांतली मोरस अनेकांच्या ओळखीची असेल, कारण पावसाळ्याच्या सुमारास तिची कोवळी पाने भाजीसाठी खुडतात. पाने मुळातच खारट असल्यामुळे ती उकळून, पाणी काढून टाकून भाजी करावी लागते आणि वरून मीठ घालायचे नसते. माचूळ ही दुसरी वनस्पती तर पानांशिवायच वाढते, तिच्या हिरव्या कांड्या एकावर एक रचलेल्या मण्यांसारख्या दिसतात. या वनस्पती मीठ आपल्या पेशींत साठवून घेतात आणि ते पातळ करण्यासाठी भरपूर पाणी धरून ठेवतात, म्हणून त्यांची अंगे अशी फुगीर असतात. थंडी सरता सरता त्यांचा हिरवा रंग तांबूस होत जातो आणि काही ठिकाणी सबंध मैदान लालसर दिसते. त्यांच्या जोडीला जमिनीवर सरपटत जाणारे, टोकदार आणि कडक पानांचे खारे गवत असते. टिटवी आणि चंडोल या पट्ट्यात हिंडताना दिसतात.

त्यानंतर कांदळवन सुरू होते. थंड प्रदेशांत समुद्रकाठची दलदल पाण्यापर्यंत गवताचीच असते. आपल्याकडे मात्र पुढची जागा झाडांनी घेतली आहे आणि खारी मैदाने त्यांच्या मागे ढकलली गेली आहेत. ठाणे खाडीत सर्वाधिक झाड तिवराचे. चिखलातून पेन्सिलींसारखी सरळ वर आलेली शेकडो मुळे दिसली की जवळपास तिवर आहे असे समजावे. गाळात प्राणवायू नसतो, म्हणून मुळांना श्वास घेण्यासाठी असे वर यावे लागते. तिवर जास्तीचे मीठ पानांतल्या ग्रंथींवाटे बाहेर टाकतो. कोरड्या दिवसांत पानावर मिठाचे बारीक कण हाताला लागतात. काही जण पान जिभेला लावून खात्री करून घ्यायला सांगतात, पण ठाणे खाडीत कोणकोणते सांडपाणी मिसळते हे पाहता हा प्रयोग दुसऱ्या एखाद्या स्वच्छ खाडीत करावा.

तिवराखेरीज तीन-चार झाडे ओळखता आली की सुरुवातीला पुरे. चिप्पीची श्वसनमुळे तिवरापेक्षा जाड आणि शंकूसारखी निमुळती असतात. पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. कांदळाच्या खोडातून कमानीसारखी मुळे निघून गाळात रोवलेली असतात आणि त्याचे बी झाडावर असतानाच रुजून शेवग्याच्या शेंगेसारखे लांब लोंबू लागते. मारांडीला काटेरी कडांची पाने आणि सुंदर निळी-जांभळी फुले येतात. गेव्याचा पांढरा चीक मात्र डोळ्यांना अपायकारक असतो, म्हणून अनोळखी फांदी मोडून पाहण्याची सवय येथे सोडून द्यावी. तसेही, मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून राज्यात कांदळवनाच्या तोडीला बंदी आहे आणि २०१८ च्या निकालाने त्याच्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण दिले आहे.

या झाडीत कोल्हे राहतात. मुंबईसारख्या शहरात कोल्हा आहे हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. पण खेकडे, मासे, उंदीर, पक्षी असे सगळे खाणाऱ्या या प्राण्याला कांदळवन चांगले मानवते. संध्याकाळी तो झाडीच्या कडेला दिसला तर लांबूनच पाहावा आणि त्याला खाऊ घालण्याच्या भानगडीत पडू नये.

पाचवी पायरी : चिखलाकडे पाच मिनिटे नुसते पाहणे

कांदळवनाच्या पुढे उघडा चिखल लागतो. धक्क्यावर किंवा लाकडी मार्गावर एका जागी बसावे आणि आपल्यापासून पाच-सहा मीटरवरचा एकच तुकडा निवडून पाच मिनिटे हालचाल न करता पाहावा. पहिल्या मिनिटात काही दिसणार नाही, कारण तुमच्या चाहुलीने सगळे जण बिळांत शिरलेले असतात. मग एकेक जण बाहेर येऊ लागतो.

निवटी लगेच लक्ष वेधून घेते. हा मासाच आहे, परंतु ओहोटीच्या वेळी तो चिखलावर पुढच्या परांच्या आधाराने चालतो, शेपटीच्या झटक्याने उड्या मारतो आणि डोक्यावरच्या बटबटीत डोळ्यांनी चौफेर पाहतो. कल्ल्यांच्या पोकळीत तो पाणी साठवून ठेवतो आणि ओलसर कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायूही घेतो. कातडी सुकू नये म्हणून मधूनमधून डबक्यात लोळतो. दोन निवट्या समोरासमोर आल्या की पाठीवरचा पर ताठ उभारून एकमेकींना धमकावतात, तो प्रसंग चुकवू नये. आगरी-कोळी घरांत निवटीचे कालवण आवडीने खाल्ले जाते आणि ती हाताने पकडणे हे मोठे कसबाचे काम मानतात.

त्याच तुकड्यात लहान लहान खेकड्यांची गर्दी असते. ज्याची एक नांगी अंगापेक्षाही मोठी आणि दुसरी अगदी चिमुकली तो नर. माद्यांच्या दोन्ही नांग्या लहान असतात. नर मोठी नांगी वरखाली हलवून मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला दूर ठेवतो. जेवायला मात्र त्याच्याकडे एकच हात उरतो, त्यामुळे माद्यांच्या तुलनेत त्याचे खाणे सावकाश चालते. ते चिखल तोंडात घालून त्यातले सूक्ष्म खाद्य गाळून घेतात आणि उरलेल्या मातीच्या मोहरीएवढ्या गोळ्या बिळाभोवती टाकत जातात. बिळे खणण्याच्या या उद्योगामुळे गाळात हवा शिरते आणि झाडांच्या मुळांनाही त्याचा उपयोग होतो. ताटात येणारी चिंबोरी याच झाडीच्या बिळांत वाढते, पण ती दिवसा क्वचितच दिसते.

चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि वरचा थर उकरला तर खालची माती काळी निघते. हा वास सगळाच सांडपाण्याचा नसतो. प्राणवायू नसलेल्या गाळात काही जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो. निर्मळ खाडीतही तो येतोच. ठाणे खाडीत दोन्ही वास एकत्र असतात आणि त्यांतला कोणता कशाचा हे सांगणे सवयीनंतरही कठीण जाते, हे मान्य करावे लागेल.

सहावी पायरी : पक्षी चोचीवरून आणि चालीवरून ओळखणे

हिवाळ्यात या चिखलावर असणारे बहुतेक लहान पक्षी करड्या-तपकिरी रंगाचे असतात आणि पुस्तकातले चित्र पाहून त्यांना ओळखू गेले की नवखा माणूस हताश होतो. म्हणून रंग सोडून द्यावा आणि दोनच प्रश्न विचारावेत : चोच किती लांब आहे, आणि पक्षी खातो कसा?

आखूड चोचीचा, गोल डोक्याचा, मोठ्या डोळ्यांचा पक्षी चार पावले धावतो, एकदम थांबतो, वाकून टिपतो आणि पुन्हा धावतो. तो चिखल्या. तो डोळ्यांनी भक्ष्य शोधतो, म्हणून त्याला थांबून पाहावे लागते. त्याच्याहून थोडी लांब चोच असलेले चिमुकले पक्षी शिवणयंत्राच्या सुईसारखे सतत चिखलात टोचत, न थांबता पुढे सरकत असतात, ते टिलवे. त्यांना चोचीच्या टोकाने भक्ष्य जाणवते, पाहण्याची फारशी गरज नसते. लाल पायांचा टिवळा जरा मोठा, फार सावध, आणि कोणीही जवळ आले की सगळ्यांच्या आधी ओरडून उडणारा. गुलाबी, काडीसारखे लांब पाय आणि सरळ काळी चोच असलेला शेकाट्या उथळ पाण्यात उभा असतो आणि त्याला ओळखायला कोणाचीही मदत लागत नाही. वर वळलेल्या चोचीचा काळा-पांढरा उचाट्या ती चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. खाली वाकलेली, जवळजवळ वीतभर लांब चोच असलेला मोठा तपकिरी पक्षी दिसला तर तो कोरल असावा. एवढी चोच असल्यामुळेच त्याला खोल बिळातला खेकडा आणि किडा ओढून काढता येतो. अशा रीतीने एकाच चिखलात एक जण वरच्या थरातले खातो, दुसरा बोटभर खालचे आणि तिसरा वीतभर खालचे, त्यामुळे हजारो पक्षी शेजारी शेजारी जेवू शकतात.

यांतले कित्येक पक्षी सायबेरियासारख्या उत्तरेकडच्या प्रदेशांतून ऑगस्ट-सप्टेंबरपासून येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत परततात. परतण्यापूर्वी मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या अंगावर विटकरी, तांबूस, काळे असे विणीचे रंग चढू लागतात. तेव्हा मात्र पुस्तकातली चित्रे कामी येतात.

ज्यासाठी बहुतेक लोक येतात तो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. तो साधारणतः नोव्हेंबरपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत येथे असतो आणि हजारोंच्या संख्येने असतो. ठाणे खाडीत मुख्यतः लहान रोहित आढळतो : उंची तीन फुटांच्या आतबाहेर, रंग गडद गुलाबी, चोच काळपट लाल. मोठा रोहित चार-पाच फुटांपर्यंत उंच, अंगाने पांढुरका, आणि त्याच्या गुलाबी चोचीचे फक्त टोक काळे असते. दोघेही डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतात आणि जिभेने पाणी आत-बाहेर करून चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांतून अन्न गाळून घेतात. लहान रोहिताची गाळणी फार बारीक असते, तो सूक्ष्म शेवाळ खातो. मोठा रोहित बारीक कोळंबीसारखे जीव आणि किडेही खातो. गुलाबी रंग त्यांना याच अन्नातून मिळतो, म्हणून यंदाची राखाडी पिल्ले कळपात सहज वेगळी दिसतात. खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्यामुळे शेवाळ फोफावते आणि म्हणून रोहित येथे टिकून राहतात, असेही मानले जाते. तसे असेल तर गुलाबी थवा पाहून खाडी निरोगी आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

सातवी पायरी : भरतीला पक्षी कोठे जातात ते पाहणे

चिखल बुडाला की पक्षी उडून उंच जागांवर जाऊन बसतात : मिठागरांचे बांध, झाडीमागची खारी मैदाने, पाणी साठलेली तळी. पाणथळ नसल्यासारखी दिसणारी ही मैदाने दलदलीचा भाग का आहेत, हे येथे कळते. तेथे पक्षी झोपतात, पिसे साफ करतात आणि पुढच्या ओहोटीची वाट पाहतात. त्यांना या वेळी उडवणे म्हणजे त्यांनी दिवसभर टिपून मिळवलेली शक्ती खर्च करायला लावणे. थव्यातले पक्षी एकामागून एक माना वर करू लागले की आपण जास्त जवळ आलो असे समजावे, तेथेच थांबावे आणि दोन पावले मागे यावे. चांगले छायाचित्र मिळवण्यासाठी थवा मुद्दाम उडवणारे लोक भेटतात. त्यांच्या शेजारी उभे राहू नये.

याच वेळी वरतीही नजर असावी. भोवत्या हा शिकारी पक्षी पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून दलदलीवर कमी उंचीवरून घिरट्या घालतो आणि क्षणात सगळा थवा उसळतो. ब्राह्मणी घार, राखी बगळे, चित्रबलाक आणि तारांवर बसलेला खंड्या हे सहसा चुकत नाहीत.

आठवी पायरी : माणसाने घडवलेला भाग समजून घेणे

आपण पाहतो ती दलदल निव्वळ निसर्गाने घडवलेली नाही. खाडीच्या पाण्याला बांध घालून जमीन काढण्याचे काम ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. बांधात उघाडी ठेवलेली असते : पावसाचे पाणी तिच्यातून ओहोटीला बाहेर पडते आणि भरतीला तिचे दार खाडीच्या पाण्याच्या दाबाने मिटते. पावसाळ्यात वरचे मीठ धुऊन गेले की तेथे खाऱ्या जमिनीला सोसणारे भात होते. गोव्यातही खाजन जमिनींची रचना अशीच असून तेथे या दाराला मानस म्हणतात. पेण, अलिबाग, उरण या बाजूला गेलात तर बांधावरून चालत एकीकडे भातखाचरे आणि दुसरीकडे तिवरे असे दृश्य पाहता येते. शेतातल्या तळ्यांत जिताडा वाढवलेला असतो. बांधाला खांड पडून ती वेळेवर बुजवली गेली नाही तर खारे पाणी शेतात शिरते, भात जाते आणि काही वर्षांत तेथे तिवरे उगवतात. पक्षी पाहणाऱ्याला ती नवी दलदल वाटते, शेतकऱ्याला ते बुडालेले शेत असते, आणि कोणाशीही बोलताना हे विसरू नये.

मिठागरे याच व्यवस्थेचा दुसरा भाग. पावसाळ्यानंतर खाडीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन, एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत उन्हाने दाट करतात आणि शेवटी मीठ ओढून ढीग घालतात. आगरी हे समाजनाम आगर या शब्दाशी जोडले जाते. चालू मिठागरात परवानगीशिवाय शिरू नये आणि बांधांवरून धावू नये. ते मातीचे असतात आणि कडा ढासळतात. तेथे काम करणाऱ्या एखाद्या काकांना आदराने विचारले तर कोणत्या वाफ्यावर कोणते पक्षी केव्हा बसतात, हे ते कोणत्याही पुस्तकापेक्षा अचूक सांगतात.

नववी पायरी : नोंद आणि पुन्हा जाणे

वहीत तारीख आणि वेळ यांच्याबरोबर तिथी, भरतीची वेळ व उंची, आपण कोणत्या काठावर होतो आणि चिखल किती उघडा होता, एवढे प्रत्येक वेळी लिहावे. पक्ष्याचे नाव ठाऊक नसेल तर चोच, पाय आणि चाल यांचे वर्णन लिहावे. मोठ्या थव्यात दहा पक्षी मोजून तेवढी जागा नजरेने थव्यावर पुढे सरकवत अंदाज घेण्याची सवय लावावी. दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना भारतीय उपखंडात १९८७ पासून चालू आहे. तिच्यात अनुभवी मंडळींबरोबर एक सकाळ घालवली की वर्षभराच्या शंका फिटतात.

एकाच जागी निदान चार वेळा जावे : ऑक्टोबरात, जानेवारीत, एप्रिलमध्ये आणि एकदा भर पावसात. पावसाळ्यात रोहित नसतात, बहुतेक पाहुणे पक्षी नसतात आणि छत्री सांभाळत दुर्बीण धरणे त्रासाचे होते. परंतु एप्रिलमध्ये जेथे मिठाचा पांढरा थर होता त्याच मैदानावर तेव्हा गोड्या पाण्याची तळी साचलेली असतात, मोरसला नवी कोवळी पाने फुटलेली असतात आणि वाढीला लागलेले कांदळवन हिरवेगार झालेले असते. जुलैतली उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच दुपारी आले तर बांधाच्या आतल्या बाजूला उभे राहून उघाडीचे दार मिटताना पाहावे.